पांढऱ्या फळीच्या पुढं

“मामा, हँडब्रेक ओढलाय न्हवं?” बसाप्पानं खालून विचारलं.

“ओढलाय.”

“गिअरात ठेवलीय?”

“ठेवलीय रे बाबा.”

“मग उतरा की आता. नवरदेवागत आत काय बसून राहिलाय?”

मी उतरलो. माझी एस्टीम गाडी बसाप्पाच्या ट्रकवर चढली होती. एरवी तो ट्रक ट्रॅक्टर पोचवायचं काम करायचा. सकाळचे सहा वाजले होते, जानेवारीची थंडी होती. बसाप्पा चाकांना पट्टे आवळत होता. तेवढ्यात दूधवाला कॅन घेऊन आला, ट्रककडं बघून सायकलवरनं उतरला आणि म्हणाला, “अरारा! कुठं ठोकली हो मगदूम?”

“ठोकली नाही. रेसच्या ट्रॅकवर निघालीय.”

“मग चालत का जाईना?”

नऊ वर्षं ती चालतच गेली होती.

रत्ना डबा, पाण्याची बाटली आणि जुन्या लुगड्यांची वाकळ घेऊन बाहेर आली. वाकळेची चौकोनी घडी घालून तिला दोरी बांधली होती.

“ट्रकात वाकळ कशाला?” मी म्हटलं.

“थंडी आहे,” ती म्हणाली. मग बसाप्पाला म्हणाली, “खिडकीकडं मी बसते. मध्ये यांना बसू दे.”

माझं जयसिंगपूरला लेथचं छोटं वर्कशॉप. शेतीच्या पंपांचे शाफ्ट करून देणं हा धंदा. गाडीचा नाद मला उशिरा लागला, पंचेचाळिशीत. हुबळीच्या पलीकडं माळावर एका हौशी माणसानं डांबरी ट्रॅक बांधला होता. वर्षातनं तीनदा तो सगळ्यांसाठी उघडा असायचा. आपली गाडी आणायची, हेल्मेट घालायचं, चार-पाच फेऱ्यांचा एकेक राउंड मारायचा. शर्यत नव्हती. कुणी पहिला नाही, कुणी दुसरा नाही. वेळ ज्याची त्यानं घ्यायची. माझी वेळ रत्ना घ्यायची.

तिच्याकडं तिच्या भावानं दिलेलं स्टॉपवॉच होतं. तो शाळेत खेळाचा मास्तर होता. कुंपणाच्या तारेजवळ घडीची खुर्ची टाकून ती बसायची आणि प्रत्येक फेरीची वेळ निळ्या वहीत लिहायची. माझी सगळ्यांत चांगली फेरी एक मिनिट एकतीस सेकंदांची. मला दीड मिनिटाच्या आत यायचं होतं. एवढंच. त्यातनं काही मिळणार नव्हतं, पण नऊ वर्षं मी त्या एका सेकंदामागं होतो.

इचलकरंजीचा भरत शिरगुप्पे सत्तावीसमध्ये यायचा. त्याचे यंत्रमाग होते, आणि गाडी न्यायला स्वतःचा ट्रक. तो मला दरवेळी सांगायचा, “नेम्या, तू घरी जायचं म्हणून गाडी चालवतोस. याच गाडीतनं बायकोला घरी न्यायचंय हे तुझ्या डोक्यातनं जात नाही. तो सरळ रस्ता संपतो तिथं, वळणाच्या तोंडाशी, पांढरी फळी आहे बघ, तिच्या अलीकडं तुझा पाय ब्रेकवर. मी फळी ओलांडून जातो. का? मोडली तर ट्रकवर टाकून नेईन.”

“चालवत आणली की वाटेतच कळतं तिचं काय दुखतंय,” मी म्हणायचो. “ट्रकवर चढवली की गाडी मुकी होते.”

“झालं तुझं पुराण!”

पण त्याचं खरं होतं. आम्ही चालवत जायचो तेव्हा ट्रॅकचे दोन टायर डिकीत, दोन टपावर. तिथं पोचून टायर बदलायचे, राउंड मारायचे, परत टायर बदलायचे. साडेचारला निघावंच लागायचं. कारण रत्ना दिवस मावळल्यावर जेवत नसे. माहेरापासूनचा नियम, तो तिनं कधी मोडला नाही. कित्तूरच्या अलीकडं रस्त्याला लागून एक तळं आहे. तिथं कट्ट्यावर बसून आम्ही जेवायचो. मी घरात हा नियम पाळत नव्हतो, रात्री नऊलाही जेवायचो. पण त्या तळ्यावर मात्र तिच्याबरोबर उन्हात जेवायचो. शेवटचा राउंड साडेपाचला असायचा. हवा गार, डांबर कोमट, सगळ्यांच्या चांगल्या वेळा त्याच राउंडला लागायच्या. तो राउंड मला नऊ वर्षांत एकदाही मिळाला नव्हता.

गाडी ट्रकनं न्यायची गोष्ट मी दोन-तीनदा काढली होती. रत्नानं दरवेळी मोडीत काढली. “मग माझं काय काम?” ती म्हणायची. “मला ती वाट आवडते. घरात तुम्ही कुठं एवढं बोलता?”

आणि त्या जानेवारीत, जायच्या आठ दिवस आधी, भाजी निवडता निवडता ती आपणहून म्हणाली, “या वेळी ट्रकनं नेऊया का?”

मला इतका आनंद झाला की मी का म्हणून विचारलं नाही. हात धुतले आणि बसाप्पाकडं गेलो.

ट्रकच्या केबिनमध्ये रत्ना वाकळेवर बसली. मी मध्ये. बसाप्पा बोलका होता. सीमेपलीकडचा असल्यामुळं त्याच्या मराठीत कानडी हेल होता. निपाणीपर्यंत तो त्याच्या मेहुण्याच्या लग्नाची भांडणं सांगत होता. पुढं मला डुलकी लागली. जाग आली तेव्हा बेळगाव मागं पडलं होतं आणि ट्रक फार हळू चालला होता.

“काय रे, इंजिन दमलं काय?”

बसाप्पानं रत्नाकडं बघितलं. रत्ना बाहेर बघत होती. “न्हाई मामा,” तो म्हणाला. “तुमची गाडी वर हाय. जपून न्यायला पायजे.”

ट्रॅकवर भरतनं आम्हाला ट्रकवरनं उतरताना बघितलं आणि दोन्ही हात जोडले.

“या या! वैनी, हा चमत्कार कसा काय केलासा? याला ट्रकात कोंबला?”

“तुमच्याकडनंच शिकले,” रत्ना म्हणाली.

“आता याची खैर नाही. नेम्या, आता बहाणा नाही हं. गाडी मोडली तरी घरी पोचतीय.”

दिवस चांगला गेला. पहिल्या राउंडला चौतीस. दुसऱ्याला बत्तीस. तिसऱ्याला परत एकतीस, नऊ वर्षांपूर्वीचीच वेळ. राउंड संपला की रत्ना गाडीच्या खिडकीतनं वही दाखवायची आणि एकच वाक्य बोलायची. “फळीच्या अलीकडं.”

“तुला इथनं कसं दिसतंय?”

“दिसत नाही. ऐकू येतं. आवाज चढत जातो आणि एकदम उतरतो. भरतभाऊजींचा पुढं उतरतो, तुमचा आधी.”

चौथ्या राउंडला मी गेलो नाही. टायर राखून ठेवले. साडेचार वाजले तेव्हा मला सवयीनं जॅक काढावासा वाटला. मग आठवलं की आज कुठं जायचं नाही. रत्ना खुर्चीत बसली होती. वाकळ तिनं पाठीशी घेतली होती.

“ऐक,” मी म्हटलं, “आता साडेपाचचा राउंड. सूर्य सव्वासहाला मावळतोय. मी सहाच्या आत बाहेर येतो. मग दोघं जेवू.”

“बरं.”

“घड्याळ नीट धर. आज होतंय बघ.”

“बरं म्हटलं की.”

मी निघालो. पहिली फेरी टायर तापवण्यात गेली. दुसरी आणि तिसरी बरी होती, पण पाय फळीच्या अलीकडंच उचलला गेला. अंगवळणी पडलेलं होतं, दुसरं काय? चौथ्या फेरीला मी सरळ रस्त्यावर आलो तेव्हा उन्हं तिरपी झाली होती आणि पांढरी फळी केशरी दिसत होती. मी स्वतःशी मोठ्यानं बोललो, “गाडी ट्रकवरनं जाणार आहे.” फळी आली. फळी गेली. मग मी ब्रेक दाबला. गाडीचं मागचं अंग थोडं हललं, सावरलं, आणि मी त्या वळणातनं असा बाहेर पडलो की तोपर्यंतची नऊ वर्षं मला ते वळण माहीतच नव्हतं असं वाटलं. पुढची तीन वळणं तशीच गेली. कुठं जोर केल्यासारखं वाटलंच नाही. लेथवर चांगलं पातं लागलं की लोखंड सालीसारखं निघतं, तसं होतं ते.

फेरी संपल्याची रेघ ओलांडली आणि मी कुंपणाकडं बघितलं.

रत्ना जेवत होती. मांडीवर डबा होता. घड्याळ खुर्चीच्या हातावर ठेवलेलं होतं.

पाचवी फेरी मी कशीबशी पुरी केली. गाडी बाहेर घेऊन तिच्यासमोर थांबवली आणि हेल्मेट काढलं.

“किती?”

“कुठली?”

“चौथी!”

“चौथी घेतली नाही मी.”

मी सूर्याकडं बोट दाखवलं. तो अजून चांगला हातभर वर होता. “दहा मिनिटं थांबता आलं नाही तुला? नऊ वर्षांत एक फेरी... दहा मिनिटं, रत्ना!”

“नाही थांबता आलं,” ती म्हणाली. तिनं डबा बंद केला. “आणखी एक राउंड देतील का विचारा की.”

“संपलं सगळं. माणसं पट्टे बांधायला लागली.”

भरतची गाडी त्याच्या ट्रकवर चढत होती. त्याच्या माणसाजवळ घड्याळ होतं, पण तो कशाला माझी वेळ घेईल? भरत लांबनं ओरडला, “काय नेम्या, किती?” मी ऐकलं नाही असं केलं.

मी गाडी ट्रकवर चढवली. रत्ना खुर्चीत बसून वहीत काही लिहीत होती. मी वही मागितली नाही. माझा डबा तिनं दिला तो मी बसाप्पाला दिला. परतीच्या वाटेवर मी एक शब्द बोललो नाही. कित्तूरचं तळं कधी गेलं कळलं नाही. बसाप्पानं मेहुण्याची गोष्ट परत काढली आणि अर्ध्यात सोडली.

पुढचे चार दिवस मी तिच्याशी कामापुरतं बोललो. माझ्या वागण्याचं मला काही वाटत नव्हतं. बाईनं नियम पाळला, पण तोही वेळेआधी पाळला, हा माझा राग होता.

पाचव्या दिवशी बसाप्पा वर्कशॉपवर आला. एक पट्टा चुकून माझ्या डिकीत राहिला होता. पट्टा घेतला, चहा घेतला आणि मग म्हणाला, “मामींचं पोट कसं हाय?”

“कसलं पोट?”

त्यानं पट्टा खाली ठेवला. “तुम्हाला ठाऊक न्हाई?”

“काय ठाऊक नाही? बोल की.”

“जाताना, निपाणीच्या पुढं. तुम्ही झोपलावता. एक खड्डा आला आन् मामींच्या तोंडातनं आवाज आला. मी बघितलं तर खालची वाकळ ओढून पोटाशी धरलीवती दोन्ही हातांनी. मी म्हटलं, थांबवू? तर म्हणाल्या, न्हाई, खड्डे बघून हळू चालव, आन् ह्यांना उठवू नको. परत निघायच्या आधी, तुम्ही गाडीत हुता तवा विचारलं, तर बरं हाय म्हणाल्या, गोळी घेतलीय म्हणाल्या. जेवून घ्यायची गोळी हाय, म्हणून लवकर जेवले म्हणाल्या.”

मी लेथ बंद केला. घरी गेलो. रत्ना स्वयंपाकघरात शेंगा फोडत होती. मी तिच्यासमोर पाटावर बसलो. तिनं माझ्याकडं बघितलं आणि तिला कळलं.

“बसाप्पा आला होता वाटतं.”

“कधीपासून?”

“दिवाळीपासून.”

“आणि सांगितलं नाहीस.”

“जानेवारी होऊ दे म्हटलं. आधी सांगितलं असतं तर तुम्ही गेला असता?”

“नसतो गेलो.”

“मग?”

तिनं दोन शेंगा फोडल्या. मी म्हटलं, “म्हणून ट्रक?”

“तुमच्या गाडीत बसवत नव्हतं मला. दसऱ्यानंतर तुम्ही त्या कडक स्प्रिंगा घातल्यात ना? सांगलीला भाचीच्या साखरपुड्याला गेलो तेव्हाच कळलं. रस्त्यावरचा एकेक खडा पोटात कळत होता.” मग ती थोडी हसली. “ट्रकाची गादी बरी आहे की. उगीच नावं ठेवत होते.”

दुसऱ्या दिवशी मी वर्कशॉप उघडलं नाही. माळ्यावर ठेवलेल्या गाडीच्या मूळच्या मऊ स्प्रिंगा खाली काढल्या, घासून तेल लावलं, आणि दारातच गाडी जॅकवर घेतली. रत्ना उंबऱ्यात स्टूल टाकून बसली होती.

“ट्रॅकवर वळणात झुकेल की आता,” ती म्हणाली.

“झुकू दे.”

“कडक स्प्रिंगा विकू नका.”

“पाना दे तो. चौदाचा.”

तिनं पाना दिला. तेवढ्यावरच आम्ही थांबलो. त्याच आठवड्यात मिरजेला तपासणी झाली आणि डॉक्टरांनी मला एकट्याला आत बोलावलं.

पुढचे चौदा महिने आम्ही मिरजेच्या वाऱ्या केल्या. जयसिंगपूरहून दवाखाना चौदा-पंधरा किलोमीटर. पहिल्या खेपेला मी घाईनं गेलो, पंचवीस मिनिटांत. उतरताना तिचा चेहरा बघितला आणि परत तसं केलं नाही. मग मी तो रस्ता पाठ केला. कुठल्या पुलाच्या तोंडाशी खाच आहे, कुठं रुळांचा उंचवटा आहे, कुठं डाव्या बाजूला खड्डा आणि कुठं उजव्या. ब्रेक असा लावायचा की गाडी थांबलेली कळू नये. नऊ वर्षं ट्रॅकवर जे शिकलो ते सगळं उलटं वापरलं.

चौथ्या-पाचव्या खेपेला तिनं पिशवीतनं स्टॉपवॉच काढलं.

“हे कशाला?”

“असू दे.”

दवाखान्याच्या दारात तिनं ते थांबवलं. “अडतीस मिनिटं. पहिल्या खेपेपेक्षा तेरा जास्त.”

“चांगलं का वाईट?”

“चांगलं. एकही खडा कळला नाही.” आणि तिनं निळी वही काढून लिहिलं.

मग आमचं तेच सुरू झालं. चाळीस. बेचाळीस. मागनं ट्रकवाले हॉर्न मारायचे, एकदा एका पोरानं मोटारसायकल बरोबरीनं घेऊन सांगितलं, “काका, ढकलू काय?” रत्ना इतकी हसली की मला गाडी बाजूला घ्यावी लागली. शेवटच्या महिन्यात एकदा पंचेचाळीस मिनिटं लागली. त्या दिवशी ती वाटेत झोपली होती. दवाखाना आला तरी मी तिला उठवलं नाही. जाग आल्यावर ती घड्याळाकडं बघून म्हणाली, “हे चालूच राहिलं की हो. एक तास दहा. ही धरायची नाही.”

“धर,” मी म्हटलं. तिनं धरली.

एप्रिलमध्ये ती गेली.

वही मी बरेच दिवस उघडली नाही. भरतनं वर्षभर वाट बघितली, मग फोन केला. “नेम्या, बारा तारखेला ट्रॅक उघडाय. ट्रक पाठवू?”

“नको. चालवत येतो.”

“मऊ स्प्रिंगांवर?”

“मऊ स्प्रिंगांवर.”

मी गेलो. टायर बदलायच्या भानगडीत पडलो नाही. दोन राउंड मारले आणि साडेचारला निघालो. कित्तूरच्या तळ्यावर थांबलो. उजेड होता. डबा उघडायच्या आधी पिशवीतनं वही काढली, कारण तिथं ती वाचणं घरातल्यापेक्षा सोपं जाईल असं वाटलं.

शेवटच्या पानांवर मिरजेच्या वेळा होत्या. अडतीस, चाळीस, बेचाळीस. शेवटची एक तास दहा. मी पानं उलटत मागं गेलो. जानेवारीचं पान आलं. पहिला राउंड, दुसरा, तिसरा, सगळे आकडे तिच्या बारीक अक्षरात. शेवटच्या राउंडच्या पहिल्या तीन फेऱ्यांचे आकडे होते. चौथीपुढं आकडा नव्हता. तिथं लिहिलं होतं :

‘घड्याळ दाबलं नाही. गोळीसाठी जेवत होते. पण आवाज फळीच्या पुढं गेला, बराच पुढं गेला आणि मग उतरला. दीडच्या आत आहे, नक्की. आता रागात आहेत. वाटेत विचारतील तेव्हा सांगीन.’

हुबळीपासून घरापर्यंत त्या केबिनमध्ये आम्ही खांद्याला खांदा लावून बसलो होतो.

मी डबा उघडला आणि दिवस मावळायच्या आत जेवलो.